खान असाच हसतो का? (ऐतिहासिक-पौराणिक सिनेमातले नायक आणि खलनायक)

इंटरव्हल (धागाकर्ती)

शिवजयंतीला आमच्या सोसायटीतल्या पोरांचं अर्ध्या तासाचं नाटुकलं बसवतेय. प्रसंग नेहमीचाच, प्रतापगड. अफजलखान झालेला मुलगा आठवीतला, उंच, आवाज खणखणीत. पहिल्याच तालमीला हा डोळ्यांत काजळ घालून आला. हातात पुठ्ठ्याची कोंबडीची तंगडी. आणि वाक्य संपलं की हा हा हा. प्रत्येक वाक्याला!

म्हटलं, "अरे, खान महाराजांना भेटीचा निरोप धाडतोय. यात हसण्यासारखं काय आहे?"

"ताई, खान असाच हसतो."

"कुठे पाहिलंस?"

"पिक्चरमध्ये."

"कुठल्या?"

"सगळ्याच."

तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय. खिलजी घ्या, औरंगजेब घ्या, अब्दाली घ्या, नाहीतर रावण घ्या. मांस फाडून खाणे, मोकळे केस, सुरमा, निळसर काळोख, पाठीमागे ढॅणढॅण. एकाचे कपडे दुसऱ्याला घातले तरी चालून जाईल. आणि नायकांचंही तेच. सगळे एकाच जिममधून आल्यासारखे, सगळे सतत मोठ्याने बोलणारे. पूर्वीपासून असंच होतं का? आणि यात नुकसान कोणाचं होतं? जाणकारांनी लिहावं.

पडदानशीन

रुमाल टाकून ठेवतेय. सविस्तर रात्री.

सह्याद्रीचा_वारा

ताई, राग मानू नका, पण खानाला 'माणूस' दाखवायची एवढी हौस कशाला? तुळजापूर-पंढरपुरापर्यंत त्याने घातलेला धुमाकूळ बखरींत वाचा. महाराजांचे थोरले बंधू संभाजीराजे कनकगिरीला पडले, त्याचा ठपकाही खानावरच आहे. शिऱ्याच्या कस्तुरीरंग राजाला भेटीला बोलावून दगा केल्याचं इतिहासकार लिहितात. असा माणूस हसला काय नि रडला काय! शे-दीडशे वर्षं आमचा इतिहास दुसऱ्यांनी लिहिला. आता आम्ही पडद्यावर आमच्या पद्धतीने मांडतोय तर लगेच भुवया वर.

बखरबहाद्दर

वारेराव, तुमच्या खानाबद्दलच्या म्हणण्याशी शंभर टक्के सहमत, आणि नेमक्या त्याच कारणासाठी मला हा हा हा वाला खान पटत नाही.

कस्तुरीरंगाचं उदाहरण तुम्हीच दिलंत. तो राजा भेटीला का गेला असेल? समोरचा माणूस गोड बोलत होता म्हणून. खान भयंकर होता तो त्याच्या गोडव्यामुळे. वाईत वर्षानुवर्षं सुभेदारी केलेली, मुलूख पायाखालचा. जावळीकडे यायच्या आधी त्याने मावळातल्या देशमुखांना फोडायला सुरुवात केली. उत्रोळीचा खंडोजी खोपडे त्याला जाऊन मिळाला. कान्होजी जेध्यांनाही आदिलशाही फर्मान आलं होतं. ते फर्मान घेऊन महाराजांकडे गेले आणि इमान राखलं, ही गोष्ट वेगळी.

आता सिनेमातला खान आठवा. पहिल्याच प्रसंगात चार मुंडकी उडवतो, दारूचा प्याला भिरकावतो, बायकांकडे बघून जीभ चाटतो. असल्या माणसाच्या शामियान्यात बिनहत्यारी भेटीला कोण जाईल? गल्लीतलं पोरगंसुद्धा जाणार नाही. मग महाराजांनी 'मी घाबरलोय, खानसाहेबांनीच जावळीत यावं' असं भासवून त्याला डोंगरात उतरवलं, अंगरख्याखाली चिलखत घातलं, जंगलात फौजा पेरून ठेवल्या, या सगळ्याला किंमत काय उरते? समोर बैल असेल तर लाल फडकं पुरतं. समोर कोल्हा होता म्हणून ती बुद्धी लागली.

आणि एक गंमत. १० नोव्हेंबर १६५९ ला महाराजांसोबत जे दहा जण होते त्यांत जिवा महाला सगळ्यांना ठाऊक असतो, पण सिद्दी इब्राहिमही होता. उलट खानाच्या अंगरक्षकांत पिलाजी आणि शंकराजी मोहिते. पडद्यावर हे दाखवलं की प्रेक्षक गोंधळतो म्हणे. गोंधळू द्या की थोडा! सतरावं शतक गोंधळाचंच होतं.

कात्री_आणि_डिंक

बरीच वर्षं संकलनाच्या टेबलावर काढली आहेत, दोन ऐतिहासिक प्रोजेक्ट हाताखालून गेलेत (नावं विचारू नका, पोटाचा प्रश्न आहे). खानाला हसवतं कोण, ते सांगतो.

कोणी ठरवून हसवत नाही. पटकथेत खान बहुतेक वेळा बरा असतो. एका सिनेमात शत्रूचा सरदार रात्री एकटा बसून घरी पत्र लिहितो असा सव्वा मिनिटाचा सीन होता. नटाने जीव ओतला होता. रफकट दाखवला, सगळे म्हणाले 'सुंदर'. दुसऱ्या बैठकीत 'सुंदर आहे पण स्लो आहे'. तिसऱ्या बैठकीत सीन गेला. खलनायकाच्या वाट्याला मग एण्ट्री, एक क्रूरपणा, एक दरबार आणि शेवटची मारामारी एवढंच उरतं. मधला माणूस माझ्याच कात्रीने गेला, कबूल करतो.

दुसरं कारण आवाजाचं. शांत खान भयंकर वाटायला थिएटरात शांतता लागते. शांततेची निर्मात्याला भीती वाटते, प्रेक्षक मोबाईल काढेल म्हणून. त्यामुळे बीजीएम (पार्श्वसंगीत) वाढतं, आणि बीजीएमच्या वर ऐकू यायचं तर नटाला ओरडावं लागतं. नायकालाही. तुमचे 'सतत मोठ्याने बोलणारे' नायक तिथून येतात.

आणि टाळ्यांची जागा. हल्ली लिखाणातच खूण केलेली असते की इथे टाळी, इथे शिट्टी, इथे घोषणा. तहाच्या वाटाघाटींवर टाळी कुठून आणायची?

तळटीप

'पूर्वीपासून असंच होतं का' याला उत्तर: नाही, आणि हो.

नाही अशासाठी, की भालजी पेंढारकरांचा १९५२ चा 'छत्रपती शिवाजी' आठवा. चंद्रकांत मांडरे महाराज, आणि समोर मिर्झाराजे जयसिंग म्हणून कोण? पृथ्वीराज कपूर! शत्रूच्या गोटातला माणूस एवढ्या वजनाचा दिला म्हणून पुरंदरचा तह पडद्यावर पेलतो. तेवीस किल्ले देऊन बसलेला नायक तिथे लहान होत नाही, कारण समोर कोण बसलंय ते आपल्याला दिसतं. दूरदर्शनवरच्या १९८८ च्या 'भारत एक खोज'मध्ये नसिरुद्दीन शाह शिवाजी महाराज आणि ओम पुरी औरंगजेब. ओम पुरींना चढून ओरडावं लागलं नव्हतं.

हो अशासाठी, की खलनायकाला सोयीप्रमाणे रंगवणं सिनेमाच्याही आधीचं आहे. खाडिलकरांचं 'कीचकवध' नाटक १९०७ चं. द्रौपदी म्हणजे पारतंत्र्यातला देश, युधिष्ठिर म्हणजे मवाळ, भीम म्हणजे जहाल, आणि कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन. कोणी उघड बोललं नाही, पण प्रेक्षकाला कळलं आणि सरकारलाही कळलं. १९१० मध्ये बंदी आली. तेव्हा खलनायकाला हुबेहूब दाखवणं हा मुद्दाच नव्हता. कर्झनला चार शिव्या घालायला महाभारतातून एक अंगरखा उसना आणला होता.

त्याच कीचकावर बाबूराव पेंटरांनी १९२० मध्ये कोल्हापुरात 'सैरंध्री' काढला. वधाचा प्रसंग इतका खरा वाटला की सरकारने कात्री लावली. शांतारामबापूंच्या १९३० च्या चित्रपटाचं नावच आधी 'स्वराज्य तोरण' होतं. 'स्वराज्य' शब्द सरकारला झोंबला आणि 'उदयकाल' झालं. त्यात महाराजांची भूमिका शांतारामबापूंनी स्वतःच केली होती.

म्हणून धागाकर्तीला उलटा प्रश्न: आजचे खिलजी-औरंगजेब खरंच खिलजी-औरंगजेब आहेत, की तो अंगरखाही कोणासाठी तरी उसना आणलाय?

सह्याद्रीचा_वारा

आलात ना वळणावर! म्हणजे कर्झनला शिव्या घातल्या की ती देशभक्ती आणि औरंगजेबाला घातल्या की अजेंडा?

तळटीप

तसं म्हटलेलं नाही. कर्झन १९०५ लाच परत गेला होता, पण त्याचं इंग्रज सरकार तेव्हा सत्तेवर होतं, आणि लिहिणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागत होती. १७०७ साली मेलेल्या बादशहाला शिव्या घालून आज कोणाचं काय बिघडतं? बिघडलं तर शेजाऱ्याचं बिघडतं. मार्च २०२५ मध्ये खुलताबादच्या कबरीवरून वातावरण तापलं आणि नागपुरात दंगल झाली, ती आपण सगळ्यांनी पाहिली.

बाकी औरंगजेबाबद्दल माझी तक्रार अशी की तो पुरेसा भीतिदायक दाखवतच नाहीत. दिल्ली-आग्रा सोडून हा म्हातारा दख्खनेत उतरला आणि पंचवीस वर्षं तंबूत राहिला. परत गेलाच नाही, अहमदनगरजवळ मेला. बापाला कैदेत टाकलं, भावांना संपवलं, आदिलशाही-कुतुबशाही बुडवली, आणि टोप्या शिवणारा साधा माणूस म्हणून नावही मिळवलं. नमाज चुकवायचा नाही, सैन्य फिरवायचा नाही. असल्या हट्टाशी मराठे पंचवीस वर्षं झुंजले, त्यात संभाजीराजांनंतर राजाराम महाराज आणि ताराराणी आल्या. हे एका सिनेमात बसत नाही, मान्य. पण तंबूत बसलेला तो थकलेला, न हटणारा म्हातारा मला एकदा पडद्यावर नीट बघायचाय.

पडदानशीन

आले. रुमाल उचलते. माझा मुद्दा पौराणिकांचा, तिथे जास्त मोकळीक होती असं माझं मत.

एन. टी. रामाराव आंध्रात घरोघरी कृष्ण म्हणून पुजले जायचे. त्याच माणसाने रावणही केला, आणि १९७७ च्या 'दान वीर शूर कर्ण'मध्ये तर कृष्ण, कर्ण आणि दुर्योधन तिन्ही स्वतः केले, दिग्दर्शनही स्वतःचंच. कोणाच्या भावना दुखावल्या नाहीत. प्रेक्षक एकाच चेहऱ्यात देव आणि दुष्ट बघू शकत होता. पुढे १९८३ मध्ये मुख्यमंत्री झाले ते वेगळंच. तशीच आपली दूरदर्शनची रामायण मालिका. १९९१ च्या लोकसभेत सीता आणि रावण दोघेही निवडून गेले, आणि एकाच पक्षातून! दीपिका चिखलिया बडोद्यातून, अरविंद त्रिवेदी साबरकांठ्यातून.

अवांतर: दादासाहेब फाळक्यांच्या 'लंका दहन'मध्ये (१९१७) अण्णा साळुंके राम आणि सीता दोघंही होते. म्हणजे स्वतःच स्वतःच्या विरहात :)

रावण तर किती प्रकारचा आहे आपल्याकडे. विमलसूरीचं 'पउमचरिय' हे जैन रामायण माहाराष्ट्री प्राकृतातलं, म्हणजे आपल्या मराठीच्या आजीच्या भाषेतलं. त्यात रावण राक्षस नाही, विद्याधर आहे, म्हणजे विद्यांचं बळ असलेला माणूस. दहा तोंडंही नाहीत. गळ्यातल्या हाराच्या रत्नांत त्याच्याच चेहऱ्याची नऊ प्रतिबिंबं पडली म्हणून तो दशमुख. त्याला मारतो लक्ष्मण, राम नव्हे. आता मला सांगा, कॅमेरा हातात असलेल्या माणसाला याहून सुंदर दृश्य कोण देईल? आणि आपण दहा डोकी कम्प्युटरवर दोन ओळींत रचतोय.

आणखी एक, हे माझं आवडतं. 'आंधळ्याचा मुलगा आंधळा' म्हणून द्रौपदी दुर्योधनाला हसली, हे प्रत्येक मालिकेत असतं. व्यासांच्या सभापर्वात हे वाक्य नाही. तो मयसभेत पाण्यात पडतो तेव्हा भीम वगैरे भाऊ हसतात. द्रौपदी हसली हे कोण सांगतं? दुर्योधन! घरी जाऊन बापाकडे तक्रार करताना. म्हणजे महाभारताचं अख्खं युद्ध बाईच्या जिभेवर ढकलताना आपण साक्ष काढतो ती खलनायकाची.

बखरबहाद्दर

पडदानशीनताई, साष्टांग _/\_ वाचनखूण साठवली आहे.

निवृत्त_मास्तर

सर्व प्रतिसाद वाचले. छान चाललंय. एक भर घालतो.

प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ चा. आमच्या गावात तंबूत पाहिला होता. त्यातला सालोमालो आठवतो का कोणाला? तुकोबांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवणारा. लबाड, मत्सरी, थोडा हास्यास्पद. पण राक्षस नव्हे. आमच्या गावात दोन-तीन सालोमालो होते, त्यामुळे ओळख लगेच पटली. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम मोठा झाला तो या क्षुद्र माणसावर न चिडता.

आणि खऱ्या रामेश्वर भट्टांची गोष्ट तर आणखी मोठी. तुकोबांना विरोध करणारा हा पंडित पुढे त्यांचाच भक्त झाला. 'आरती तुकारामा' ही आरती त्यांचीच. आज देहूत रोज म्हटली जाते ती विरोधकाने लिहिलेली आरती. आताच्या पद्धतीने सिनेमा काढला तर रामेश्वर भट्ट मध्यंतरापूर्वीच दरीत कोसळतील.

सह्याद्रीचा_वारा

मास्तर, हे आवडलं. मनापासून.

पण माझं एक ऐका. संभाजीराजांचं काय? त्यांना खलनायक केलं ते आपल्याच लोकांनी ना? दीडशे वर्षं नाटकांत आणि सिनेमांत बाईलवेडा, व्यसनी राजा. 'छावा' बघताना थिएटरात माझ्या शेजारी साठीचे गृहस्थ हुंदके देत होते. त्यांना तुम्ही 'बीजीएम मोठं होतं' म्हणून सांगणार का?

तळटीप

इथे मी तुमच्या बाजूने आहे.

मल्हार रामराव चिटणिसांची बखर राजांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेली. तिच्यातला डाग नाटककारांनी उचलला, कारण शोकांतिकेला दोषी नायक लागतो. गडकऱ्यांचं 'राजसंन्यास' त्याच मुशीतलं. मग 'थोरातांची कमळा' आली, पडद्यावरही आली. त्या कमळेला ऐतिहासिक आधार नाही. वा. सी. बेंद्रे या माणसाने आयुष्यातली चाळीसेक वर्षं कागदपत्रं धुंडाळण्यात घालवली आणि १९६० मध्ये चरित्र छापलं, तेव्हा कुठे 'बुधभूषण' लिहिणारा, चार आघाड्यांवर लढणारा राजा लोकांसमोर आला. त्या गृहस्थांच्या हुंदक्यांत बेंद्र्यांचा वाटा आहे.

पण आता उलट टोक बघा. २०२५ मध्ये त्याच सिनेमाच्या ट्रेलरात राजे लेझीम खेळताना दिसले तर केवढा गहजब, आणि ते दृश्य गेलं. म्हणजे आधी राजाला फक्त नाचगाण्यात दाखवायचं, आणि आता त्याने लेझीमसुद्धा खेळायची नाही. १६७८ च्या डिसेंबरात ते मोगल सरदार दिलेरखानाला जाऊन मिळाले आणि वर्षभरात परत आले. बाप-लेकाची पन्हाळ्यावर भेट झाली. अहो, त्या एका भेटीवर अख्खा सिनेमा उभा राहतो! काढणार कोण? काढला तर पोस्टर टिकेल का?

गनिमी_कावळा

फितुरांचंही तसंच आहे. संगमेश्वरला राजे पकडले गेले, त्याचा दोष शिर्क्यांवर टाकला, तर आजचे शिर्के उभे राहिले आणि दिग्दर्शकाला माफी मागावी लागली. पानिपतवरच्या सिनेमात सूरजमल जाट मदतीच्या बदल्यात आग्र्याचा किल्ला मागतो असं दाखवलं, राजस्थानात निदर्शनं झाली. पानिपतानंतर जखमी, उपाशी मराठ्यांना भरतपूरच्या त्याच सूरजमलाने आसरा दिला होता, हे आपल्या पोरांना कोण सांगणार? अब्दाली तर अफगाणांचा 'बाबा'. आपला यमदूत त्यांचा राष्ट्रपिता. त्यांनीही त्या सिनेमाबद्दल नाराजी कळवली होती.

एकोळी

आमचा तो वीर, तुमचा तो क्रूर. चालायचंच.

गनिमी_कावळा

एकोळी, दोघांना एका तागडीत टाकत नाहीये. पानिपतच्या रणावर माझंही मन एकाच बाजूला असतं.

संपादक मंडळ

काही प्रतिसाद जातींच्या आडनावांकडे वळल्यामुळे अप्रकाशित केले आहेत. कृपया सिनेमावर बोला.

कात्री_आणि_डिंक

खिलजीवर कोणीच आलं नाही म्हणून लिहितो. जायसीच्या १५४० च्या 'पद्मावत'मध्ये रत्नसेन अल्लाउद्दीनच्या हातून मरतच नाही. कुंभलनेरच्या देवपालाशी लढताना मरतो. म्हणजे राजपुताच्या हातून. खिलजी पोचतो तेव्हा हाताला राख लागते, एवढंच. सिनेमाने देवपाल गाळला. का, ते मला व्यवसायामुळे कळतं: शेवटाला दोन शत्रू असले की राग विभागला जातो. पण जायसीला राग एकवटायचाच नव्हता. चितोड १३०३ मध्ये पडलं, आणि त्यानंतर दोनशे सदतीस वर्षांनी एक सूफी कवी ती राख मुठीत धरून बसलाय. आपण त्याच्या खिलजीच्या हातात तंगडी दिली.

निवृत्त_मास्तर

नायकाबद्दल कमी बोलणं झालं. महाराजांचं एक पत्र आहे, चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना. पावसाळा काढायचा आहे, दाणा-वैरण जपून वापरा, रयतेकडून दाणे, गवत, भाजी उचलून आणू नका. तेवढ्यावर थांबत नाहीत. पुढे लिहितात की रात्री दिवा जळता ठेवाल, उंदीर पेटती वात घेऊन जाईल, गवताला आग लागेल, मग घोडी कशी जगवाल?

शत्रू दिल्लीला, आणि राजाच्या डोक्यात उंदीर. हा प्रसंग मी पस्तीस वर्षं वर्गात सांगितला. पोरं आधी हसायची, मग एकदम गप्प व्हायची.

सह्याद्रीचा_वारा

मास्तर, हे पडद्यावर आलं तर मी दहा वेळा बघेन. घोषणा न देता.

इंटरव्हल (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. ताजी खबर देते.

बखरबहाद्दर यांचा प्रतिसाद खानाला वाचून दाखवला. म्हटलं, तू गोड बोल. अगदी साखरेत घोळून. त्याने करून पाहिलं, आणि महाराज झालेली मुलगी (हो, मुलगी आहे) एक पाऊल मागे सरकली. आपोआप! मी सांगितलंही नव्हतं. बाकीची पोरं ओरडली, "ए, हा खरंच डेंजर वाटतोय." तंगडी त्याने स्वतःहून ठेवून दिली. हसण्यावर मात्र अडून बसला, डोळ्यांत पाणी आलं. शेवटी तोड निघाली: एकदाच हसायचं, तेही महाराज येतायत असा निरोप आल्यावर, एकटा असताना.

सिद्दी इब्राहिमला दुसरीतला एक चिमुरडा मिळालाय, त्याच्याएवढीच तलवार घेऊन. उंदराचं पत्र सुरुवातीला वाचायचं ठरलंय.

अडचण एकच. दोन्ही गोटांत येरझाऱ्या घालून खानाच्या पोटातलं काढून आणणारे महाराजांचे वकील पंताजी गोपीनाथ. सगळा डाव त्यांच्यावर उभा आहे, आणि ते काम करायला एकही पोर तयार नाही. "ताई, त्यांच्याकडे तलवारच नाही ना," म्हणतात. शनिवारी रंगीत तालीम आहे. काही सुचतंय का कोणाला?